पंचविशी हॉलमध्ये की पाण्यावर?

प्रश्न : आमचा छोट्या शिडाच्या बोटींचा क्लब आहे, खडकवासल्याच्या बॅकवॉटरला, या डिसेंबरात पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. मेंबर साठ-पासष्ट, नेमाने येणारे वीसेक. बोटी अठरा, चार प्रकारच्या : आठ ऑप्टिमिस्ट (पोरांची छोटी बोट), पाच लेझर, चार एंटरप्राइझ आणि पहिल्या दिवसापासूनची एक मिरर. कमिटीत दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते कर्वे रोडला हॉल घ्या, प्रमुख पाहुणे, मोमेंटो, बुफे, आणि दुसरी म्हणते सकाळी नऊला रेस लावा, बाराला घरी. ज्येष्ठांचे गुडघे आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत. काय करावं?
— एक सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, दोन्ही पार्ट्या चुकतायत, पण दुसरी जरा कमी चुकतेय.

आधी तारखेचं बघू. डिसेंबरात सकाळी नऊला धरणावर वारा असतो का? तुम्हीच सांगा. धुकं आणि गार पाणी, बोटी बदकांसारख्या जागच्या जागी, आणि पाहुणे विचारणार हे चालू कधी होतं. आपल्याकडे खरा वारा उन्हाळ्यात दुपारनंतर, जमीन तापली की पश्चिमेकडनं घाट ओलांडून येतो, तीनच्या सुमारास आला की संध्याकाळपर्यंत टिकतो. आपण मुंजसुद्धा मुहूर्त बघून लावतो, मुलाच्या वाढदिवसाला नाही लावत, मग क्लबाचंच काय एवढं? खऱ्या तारखेला मिररपुढे नारळ फोडा, पेढे वाटा, आणि सोहळा मार्चच्या शेवटच्या शनिवारी ठेवा, बोर्डाच्या परीक्षा तोवर उरकत आलेल्या असतात, फक्त पाडवा मध्ये येत नाही ना ते बघा. एप्रिल संपायच्या आत मात्र नक्की करा, मे महिन्यातला वळीव म्हणजे शांत दुपारी दहा मिनिटांत वादळ, अशा वेळी पोरं पाण्यात नकोत.

मार्चात काठ मागे गेलेला असतो आणि खाली चिखल, हे धरून चाला. खडकवासला तसं छोटं, जेमतेम १.९७ टीएमसी, पानशेत-वरसगावातून सोडलेल्या पाण्यावर चालणारं, त्यामुळे काठ कुठे असेल ते आदल्या आठवड्यात जाऊन बघा आणि गुडघेवाल्यांसाठी फळ्या टाका. जलसंपदा विभागाची परवानगी दोन महिने आधी मागा. आणि हे पुण्याचं पिण्याचं पाणी आहे, तेव्हा फुलं, कागदाचे तुकडे, थर्माकोलच्या ताटल्या आणि बाटल्या यातलं काही नको, बाटल्यांवर कमिटीत वाद झाला तरी नको.

आता रेस. आठ वर्षांचं पोर ऑप्टिमिस्टमध्ये आणि पन्नाशीचे काका लेझरमध्ये, एकदम सोडलं तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून परस्यूट रेस लावा. सगळ्यात हळू बोट आधी सुटते, वेगवान मागनं, आणि ठरल्या वेळी भोंगा वाजला की जो पुढे तो जिंकला. गणित सोपं आहे, पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणजे बोटींच्या वेगाची तुलना करायचं कोष्टक, त्यात प्रत्येक प्रकारच्या बोटीला नंबर असतो, ऑप्टिमिस्टचा साधारण १६४०, मिररचा १३९०, लेझरचा ११००, नंबर मोठा म्हणजे बोट हळू. तासाभराची रेस धरली तर मिरर नऊ मिनिटांनी सुटते आणि लेझर वीस मिनिटांनी. मजा काय होते, की पहिली वीस मिनिटं पोरं पुढे असतात आणि काठावर आजी-आजोबा ओरडत असतात, मग मोठे मागनं यायला लागतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत कुणालाच काही कळत नाही. शिवाय भोंगा सगळ्यांसाठी एकदमच वाजतो, शेवटच्या बोटीची वाट बघत चहा गार होत नाही. मार्क, म्हणजे वळायच्या खुणा, सोप्या ठेवा, पाण्यावर तरंगणारे तीन बॉय पुरेत, आणि एक काठाजवळ असा की वळण घेताना बायकापोरांना चेहरे दिसतील.

रेस्क्यू बोटी दोन हव्यात, इंजिन आदल्या दिवशी चालवून बघितलेलं, आणि पेट्रोल भरलेलं, भरतो म्हणालेलं नाही. लाईफ जॅकेट सगळ्यांना, पोहणाऱ्यांनाही.

जेवण आधी ठेवा, साडेबाराला, पिठलं-भाकरी, ठेचा, दही. तीनला रेस, पाचला बक्षिसं. भाषण एकच, तेही पाच मिनिटं. मी एका क्लबाच्या कार्यक्रमाला गेलो होतो, तिथे प्रमुख पाहुणे बोलत राहिले, मस्त वारा आला, बोटींची शिडं फडफडत राहिली, आणि ते खाली बसले तेव्हा वारा पडलेला. आणि शनिवारी संध्याकाळी चौपाटीवर कणीस-भजीवाल्यांपाशी गाड्या तुंबतात, तेव्हा घाई न करता अंधार पडल्यावर निघा.

हॉलवाल्या पार्टीला सांगा, १८६८ सालचा रॉयल कॅनॉट बोट क्लबही पुण्यात नदीकाठीच आहे. पैसे उरले तर मिररची नवी शिडं शिवा.

प्रश्न : मिस्टर याच क्लबाचे मेंबर आहेत, मला पोहता येत नाही. काठावर बसून कंटाळा येतो. बोटीत बसू का? — वारजे

उत्तर : जरूर बसा, पण रेसच्या आधी, एंटरप्राइझमध्ये, नेमाने येणाऱ्या स्किपरबरोबर, म्हणजे बोट चालवणाऱ्याबरोबर. मिस्टर नकोत, ते शिकवत बसतील. लाईफ जॅकेट घट्ट बांधा, साडी नको, आणि "वाका" म्हटलं की वाका, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरनं जातो तो विचारत नाही.

प्रश्न : क्लबाच्या पंचविशीला बोटीच्या आकाराचा केक करतोय, दुपारी कापायचा. कसा न्यावा? — एक मेंबर, बावधन

उत्तर : मार्चात, तीन वाजता, उघड्यावर? क्रीमचं शीड रेसच्या आधीच कॅपसाईझ होणार, म्हणजे उलटणार. श्रीखंड आणा.