मुंबई–नेवार्क: किलोमीटरवरून वेळ काढून पुढचं तिकीट घेऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं आठवलं. तुम्ही लिहिलंय, मुंबई-नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा एअरपोर्ट) साडेबारा हजार किमी, विमान ताशी ९००, म्हणजे १४ तास, आणि त्या हिशोबाने सासूसासऱ्यांचं पुढचं डोमेस्टिक तिकीट वेगळं, स्वस्तातलं घेताय. प्लीज, अजून घेतलं नसेल तर थांबा.

ते अंतर नकाशावरच्या सर्वात जवळच्या रेषेचं असतं, विमान तसं जात नाही. अमेरिकेकडे जाताना समोरून वारा असतो म्हणून जायला वेळ जास्त, यायला कमी. शिवाय एअरस्पेसचा (हवाई हद्दीचा) प्रश्न, म्हणजे एप्रिल २०२५ पासून भारतीय एअरलाइन्सना पाकिस्तानवरून जाता येत नाही, दिल्लीच्या फ्लाइट्सना तर फारच वळसा. त्यामुळे तिकिटावरचीच वेळ धरायची. रात्री १.३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ७.३० ला उतरते असं दिसलं तर ते ६ तास नाहीत, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक मिळवा, म्हणजे साडेपंधरा. हिवाळ्यात साडेदहा मिळवायचे.

आता आमचं. आईबाबा पहिल्यांदाच येत होते. एजंटने नेवार्कपर्यंत एक तिकीट आणि पुढचं कोलंबसचं (ओहायोतलं, आम्ही राहतो ते) राउंड ट्रिप वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंग नंबरवर काढलं, मध्ये २ तास १० मिनिटं. मी विचारलं पुरेल ना, तर म्हणे आरामात, सगळे असंच करतात. विमान पाऊण तास लेट, मग इमिग्रेशनची रांग, आणि अमेरिकेत पहिल्या एअरपोर्टला बॅगा स्वतः घेऊन कस्टममधून बाहेर काढाव्या लागतात, वेगळं तिकीट असेल तर दुसऱ्या काउंटरवर जाऊन परत चेक-इन. फ्लाइट गेली. एअरलाइन म्हणाली तुम्ही नो-शो, म्हणजे तिकीट असून वेळेत आलाच नाहीत. बाबांचं शुगरचं औषध मोठ्या बॅगेत, दोघं दिवसभर खुर्च्यांवर बसून, मी फोनवर नुसती तडफडतेय.

नवीन तिकिटांचे पैसे गेले ते गेले, पण खरा फटका तीन महिन्यांनी कळला: जाताना नो-शो झाल्यामुळे परतीचं कोलंबस-नेवार्कही आपोआप कॅन्सल झालं होतं! हे त्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं. एजंटच्या ऑफिसात सहा वेळा फोन केला, प्रत्येक वेळी "सर मीटिंगमध्ये आहेत". शेवटी उत्तर आलं की स्वस्त तुम्हीच मागितलंत. अजूनही राग येतो मला, कारण आईने त्यानंतर एकटीने यायला नकारच दिला.

म्हणून माझं मत ठाम आहे, वयस्कर माणसांसाठी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी. मग फ्लाइट चुकली तर साधारणपणे पुढच्या फ्लाइटवर बसवणं एअरलाइनकडे येतं. नियम एअरलाइनप्रमाणे बदलतात, मी काही तज्ज्ञ नाही, बुकिंगच्या आधी स्वतः विचारून घ्या. वेगळंच घ्यायचं असेल तर माझ्या मते पाच तासांच्या खाली गॅप नको. अबू धाबीवरून जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होऊन जातं, तोही पर्याय बघा.

आणि व्हीलचेअर तिकिटातच टाकून घ्या, औषधं हातातल्या बॅगेत. रात्री १.३० ची फ्लाइट १२ तारखेची असेल तर घरून ११ तारखेला रात्रीच निघायचंय, हे त्यांना दोनदा सांगा. तुमचा गॅप नक्की किती आहे आणि परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर आहे का, ते इथे टाका, बघते मी.