चालताना पाय जड होतात, बसलं की बरं वाटतं. मणक्याची नळी अरुंद झाली असेल का? थेट एमआरआय काढावा का?

तुम्ही लिहिलंय की आईंना दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात आणि बसलं की पाच मिनिटांत सगळं जातं. शुगर आहे म्हणून घरचे सगळं शुगरवर ढकलतायत. मी डॉक्टर नाही, पण माझ्या वडिलांचं हुबेहूब असंच होतं आणि निदानापर्यंत पोचायला आमचं एक वर्ष गेलं.

पुण्यात अलका चौकातून लक्ष्मी रोडने पायी निघाले की कुंटे चौक येईपर्यंत ते दोनदा दुकानाच्या पायरीवर बसायचे. पर्वती चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र मांड्या बधिर. मंडईत गाळ्यावर वाकून भाजी निवडताना एकदम आराम. सहा महिने गुडघ्यांवर उपचार झाले, मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. शेवटी मणक्याच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "काका, सायकल चालवता का?" वडील म्हणाले, रोज चालवतो, तेव्हा काहीच होत नाही. तिथेच डॉक्टरांना दिशा मिळाली: मणक्याची नळी अरुंद झालीय.

कारण साधं आहे. कमरेच्या मणक्यांमधल्या नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा उतरतो. वयानुसार दोन मणक्यांमधली चकती फुगते, सांधे झिजून वाढतात, मागचा लिगामेंट (मणके जोडणारा पट्टा) जाड होतो आणि नळी अरुंद होते, बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये. ताठ उभं राहिलं की तो लिगामेंट आत दुमडतो, वाकलं की ताणला जातो आणि जागा मोकळी होते. म्हणून सायकल चालते, चढ चालतो, उतार आणि नुसतं उभं राहणं सोसत नाही. (लोक याला सरसकट 'मणक्यात गॅप आलाय' म्हणतात, त्या शब्दाने काहीच कळत नाही, उलट माणूस घाबरतो.)

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. पण तेव्हा बसावं लागत नाही, नुसतं थांबलं तरी बरं वाटतं, आणि सायकलवरही दुखतं. आईंना शुगर आहे, म्हणून पावलांच्या नाड्या तपासून घ्याच. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करणारी सोपी तपासणीही असते. शुगरने नसा बिघडल्या असतील तर तळव्यांची आग बहुधा रात्री जास्त होते, आणि बसल्या-उठल्याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. शुगरचा आणि मणक्याचा, दोन्ही त्रास एकत्रही असू शकतात. खुब्याचा सांधाही बघायला सांगा.

आता एमआरआय. नसांवरचा दाब दाखवायला तीच सगळ्यात चांगली तपासणी, पण ती पहिली नको. साठीनंतर कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही नळी अरुंद दिसते. रिपोर्ट लक्षणांशी जुळला तरच त्याला अर्थ. आधी तपासणी आणि उभ्याने एक्स-रे, मणका पुढे सरकलाय का ते कळतं. टेबलावर झोपवून पाय उचलून बघतात ती चाचणी यात बरेचदा नॉर्मल येते. त्यावरून 'मणक्याचं काही नाही' असं कुणी म्हटलं तर तिथे थांबू नका. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी नक्की सांगा.

लघवी अडली, नकळत होऊ लागली, बसतो त्या भागाची संवेदना गेली किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत न्या.

जाण्यापूर्वी आठवडाभर लिहून ठेवा: किती मिनिटं चालल्यावर सुरू होतं, नुसतं थांबून जातं की बसावंच लागतं, ओट्यापाशी उभं राहून पोळ्या करताना काय होतं, ओट्यावर वाकून टेकल्यावर काय होतं. आणि तिथे आईंनाच बोलू द्या. वडिलांच्या वेळी वर्षभर सगळं मीच सांगत होतो, आणि सायकलचं मला एकदाही सुचलं नव्हतं.