1930 च्या फोर्ड मॉडेल ए मध्ये स्कॉर्पिओचं डिझेल इंजिन टाकून हॉट रॉड करायचीय, म्हणजे जुनी गाडी, ताकदवान इंजिन. त्यासाठी चासीला मजबुती द्यायची आहे. पूर्ण बॉक्सिंग करू, की बाहेरून जाड पट्टी मारली तरी चालेल? आणि पुढच्या एक्सलचं काय?

तुमच्या प्रश्नात "बाहेरून जाड पट्टी" एवढं वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. या पट्टीवरून आमच्या घरात 1998 पासून दोन भाऊ भांडताहेत. त्यातला धाकटा मी. धुळ्यात मुंबई-आग्रा रोडला आमचा गाळा आहे. ट्रकच्या चासी, ट्रॉल्या, हंगामात कल्टिव्हेटरचे फण, असा धंदा.

तुमची गाडी मॉडेल ए, 1930 ची. तिच्यात स्कॉर्पिओचं डिझेल इंजिन टाकायचंय. म्हणजे कंपनीने 40 हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या चासीवर तुम्ही 120 बसवणार. चासी उघड्या सी चॅनलची, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी, एक बाजू मोकळी. पट्टी मारू नका. बॉक्सिंगच करा, म्हणजे ती मोकळी बाजू पत्र्याने बंद करून पेटी करा. आता का ते सांगतो.

आबांकडे जुनी पेट्रोल जीप होती. त्या काळी खान्देशात ज्याच्याकडे पेट्रोल जीप होती त्याने तिच्यात डिझेल इंजिन टाकलंच, कारण पेट्रोल पाजणं परवडत नव्हतं. आम्हीही टाकलं. इंजिन जड, धक्के जास्त, म्हणून चासीला काहीतरी करावं लागणार हे दोघांनाही कळत होतं. मी नुकताच आयटीआय करून आलेलो. म्हटलं, एक सूत, म्हणजे तीन एमएम, पत्र्याने सी ची उघडी बाजू बंद करू, पेटीसारखी. थोरला भाऊ नाना माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, त्याचा हात ट्रकवर बसलेला. तो म्हणाला, "दहा एमएम लाव, मंग दखू कोन मोडस ते." भंगारातून दहा एमएमची पट्टी आणली, दोन फूट लांब, आणि इंजिनच्या फाउंडेशनपासून मागे, चॅनलच्या उभ्या पाठीला बाहेरून चिकटवली. दोन्ही बाजूंना. वेल्डिंग मी केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या श्रावणात घृष्णेश्वराला निघालो. जीपमध्ये नऊ माणसं, डबे, पाण्याचं पिंप. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढत होती. एका वळणावर बॉनेटची एका बाजूची कडी आपोआप सुटली. आबांनी थांबून लावली. पुढच्या वळणावर परत सुटली. तेव्हा आबा गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "बठ्ठा उतरा रे खाले." मी खाली सरपटत गेलो. डाव्या बाजूला आपली पट्टी जिथे संपते तिथे चॅनलची खालची फ्लँज, म्हणजे सी ची खालची आडवी बाजू, पूर्ण फाटलेली आणि चीर चार बोटं वर चढलेली. पट्टीला काही झालं नव्हतं. ती जशीच्या तशी, रंगसुद्धा उडाला नव्हता.

एका ट्रकवाल्याकडून साखळदंड घेतला, जॅकने चासी वर उचलून आवळली, बायामाणसांना एसटीत बसवलं आणि पहिल्या गिअरमध्ये घाट उतरून चाळीसगावला आलो. घृष्णेश्वर राहिला. आई पुढे कितीतरी दिवस तेच बोलत होती.

नानाचं म्हणणं तेव्हापासून एकच. "तुन्हा टाका कच्चा व्हता, भो." माझं म्हणणं, टाका तुटलाच नाही. चीर टाक्यापासून दोन सूत लांब होती, अख्ख्या लोखंडात. कच्चा टाका असता तर पट्टी सुटून लोंबकळली असती. लोखंड फाटलं, कारण दोन फूट भाग दगडासारखा कडक केला आणि त्याला लागून मूळची लवचीक चासी तशीच सोडली. आधी सगळी चासी मिळून थोडी थोडी वाकत होती. आता ते सगळं वाकणं पट्टीच्या टोकावर आलं. भाकरी दोन्ही हातांनी धरून वाकवा, कुठेही मोडेल. अर्धी ताटाच्या काठाखाली दाबून वाकवा, काठावरच मोडेल. पट्टी जितकी जाड, तितका तो काठ धारदार. इतकी साधी गोष्ट पंचवीस वर्षं ट्रक दुरुस्त करणाऱ्या माणसाला कळत नाही, याला काय म्हणायचं?

हिशोब हवा असेल तर घ्या, मी नानालाही कागदावर मांडून दिला होता. समजा चॅनल 100 बाय 50, जाडी 4 एमएम. त्याची उघडी बाजू त्याच जाडीच्या पत्र्याने बंद केली तर पिळाविरुद्धची ताठरता कागदावर अडीचशे पट होते. वाकण्याविरुद्धची? फार तर वीस-बावीस टक्के वाढते. बॉक्सिंगचा फायदा असतो तो पिळण्यात. आणि ताकदवान इंजिन चासीला पिळतंच. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एका अंगावर झुकतं आणि चासीचा एक कोपरा उचलायला बघतं. उघडा सी चॅनल पिळायला किती सोपा असतो हे बघायचं तर सहा फुटांचा मोकळा तुकडा एका टोकाला आवळा आणि दुसऱ्या टोकाला पाइप रेंच लावून बघा. प्रत्यक्षात क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारे आडवे दांडे असतात, रिबिटा असतात, त्यामुळे अडीचशे पट वगैरे मिळत नाही, पण फरक हाताला लागतो.

फोर्डलासुद्धा हे नंतर कळलं. 1933 च्या मॉडेलपासून त्यांनी चासीच्या मधोमध एक्स आकाराचा क्रॉस मेंबर टाकला. अमेरिकेतली पोरं मॉडेल ए ची हलकी बॉडी काढून 1932 च्या, ए पेक्षा मजबूत चासीवर बसवायची. तुम्हाला 1932 ची चासी इथे भुसावळच्या भंगारात मिळणार नाही, म्हणून आहे तीच सुधारायची.

करताना बॉडी उतरवा. अर्धवट उतरवून, एक बाजू उचलून वगैरे नाही. सगळ्यात आधी रिबिटा ठोकून बघा. हातोडीला "टक" न येता "थड" आली तर ती ढिली आहे, बदला. पेटी बंद झाल्यावर आतून हात जाणार नाही, हे लोक नेहमी विसरतात. आतला गंज खरवडून रंग मारा. पत्रा एक सूत म्हणजे तीन एमएम पुरे, चार पेक्षा जाड बिलकूल नको. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, कारण मॉडेल ए चा चॅनल सगळीकडे सारख्या उंचीचा नाही. चासी सपाट गर्डरवर आवळून घ्या. टाके चार-चार बोटांवर, मग दोन इंच इकडे, दोन इंच समोरच्या रेलवर, म्हणजे पलीकडच्या बाजूच्या लांब चॅनलवर, थंड होऊ द्या. एका दमात पूर्ण शिवण ओढली की चासी केळीच्या पानासारखी वळते. प्रत्येक फेरीनंतर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण टेपने मोजा. जिथून बोल्ट आरपार जातो तिथे आत पाइपचा तुकडा वेल्ड करा, नाहीतर बोल्ट आवळताना पेटी चेपते. खाली पाणी निघायला भोकं ठेवा. शक्यतो सीओटू वेल्डिंग, आणि ज्याचा हात चासीवर बसलाय त्याच्याकडूनच. गेट-ग्रिल करणाऱ्याकडून नको.

आणि बॉक्सिंग मध्येच कुठे संपवायचं असेल तर पत्र्याचं टोक सरळ उभं कापू नका. माशाच्या तोंडासारखं आत कापा किंवा लांब तिरकं उतरवा. फ्लँजवर आडवा टाका कधीच नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल. नानाने मला तेव्हा सांगितलं होतं की फ्लँजच्या कडेपासून दोन बोटं अलीकडे थांब. मी थांबलो नाही. दिसायला छान दिसावं म्हणून पट्टीच्या टोकाचा उभा टाका खालच्या कडेपर्यंत ओढला आणि खालच्या फ्लँजवरही थोडा फिरवला. चीर त्याच्या शेजारूनच सुटली. भरल्या गाडीत खालचीच फ्लँज ताणात असते. म्हणजे माझंही थोडं चुकलंच. पण थोडं. दहा एमएमची पट्टी नसती तर तो टाकाच नसता.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. शिवाय 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी आणि व्हीए चा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी, इंजिन मुळातलं असेल तरच. एकदा चासी बंद केली आणि स्कॉर्पिओचं इंजिन टाकलं की तो दरवाजा बंद. मॉडेल ए आपल्याकडे किती उरल्यात? मला विचाराल तर कापायच्या आधी महिनाभर तशीच बघत बसा. हे खरं तर वर सांगायला हवं होतं.

पुढच्या एक्सलचं तुम्ही विचारलंय ते राहिलं. त्यात माझा हात नाही.

फाटलेला चॅनल मी कापून ठेवलाय, गाळ्यात ग्राइंडरच्या वर खिळ्याला लटकतोय. टाका आणि चीर यांच्यात किती अंतर आहे ते स्वतः मोजा. धुळ्यावरून जाणार असाल तर या. फक्त सोमवारी नको, सोमवारी गाळ्यावर नाना बसतो.