५६ अंशांवर विश्वास न ठेवणारी मुलगी

काटोल रोडवरून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी नागपुरातच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन. तिला हवामानाच्या मॉडेलिंगमध्ये संशोधन करायचंय. वडील म्हणतात, "फिजिक्स सोडून ही काय पाऊस येणार की नाही ते सांगणार? त्यापेक्षा बी.एड. करून मोकळी झालेली बरी." शेवटी एक तक्रारही आहे: २०२४ च्या नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) 'नागपूर ५६ अंश' ही बातमी ग्रुपवर फिरत होती, तेव्हा ती सख्ख्या काकांशी वाद घालत बसली की यंत्रच बिघडलंय.

भाऊ, नमस्कार.

तुमच्या तक्रारीपासूनच सुरुवात करतो. त्या ३० मे रोजी रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ दिसले, पण खापरी आणि रामटेकची केंद्रं ४४ च्या आसपास होती. एकाच दुपारी बारा अंशांचा फरक कसा पडेल? पुढे हवामान खात्यानंही सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. आकडा दिसला की आधी शेजारचा आकडा बघायचा, ही खोड ज्याला आहे त्याचंच या कामात निभतं. काकांची समजूत तेवढी तुम्ही काढा.

आता फिजिक्स 'सोडण्या'बद्दल. ती काही सोडत नाहीये. हवा कशी वाहते, उष्णता आणि बाष्प कुठून कुठे जातं, याची समीकरणं संगणकाकडून सोडवून घ्यायची, म्हणजे मॉडेल. २०२१ चं फिजिक्सचं नोबेल स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना याच कामासाठी मिळालं.

गंमत पुढे आहे. मॉडेलमध्ये पृथ्वीचे चौकोन पाडतात. हवामान बदलाच्या जागतिक मॉडेलमध्ये एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. म्हणजे सीताबर्डी, हिंगणा, कामठी सगळं एकाच चौकोनात आणि त्या सगळ्यांना मिळून तापमान एकच! काटोलच्या संत्र्यावर गारा टाकून जाणारा ढग त्यात दिसतच नाही. त्याचा परिणाम सूत्रानं अदमासे धरावा लागतो आणि संशोधकांची निम्मी भांडणं या अदमासावरून असतात. मग चौकोन लहान का करत नाहीत? बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात, म्हणजे गणित आठपट. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णकटिबंधीय हवामान संशोधन संस्थेत 'अर्का'सारखा महासंगणक लागतो तो यासाठी.

या कामात डोंगरदऱ्या फिरणं कमीच. दिवसभर संगणकाची काळी स्क्रीन, फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड आणि रात्री दोनला मध्येच बंद पडलेलं मॉडेल. हे तिला आधीच सांगा.

एम.एस्सी. फिजिक्समध्ये केली तरी चालेल, किंवा पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, तिथे करावी. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. पुढे सीएसआयआर-नेट या संशोधन-अध्यापनाच्या पात्रता परीक्षेत पृथ्वी आणि वातावरण विज्ञानाचा वेगळा पेपर असतो. पायथन ही संगणकभाषा मात्र आत्ताच शिकायला घ्यावं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.ला सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्यानंतर कायमच्या जागा थोड्या आणि रांग मोठी. मधली काही वर्षं कंत्राटावर, कदाचित परदेशात काढावी लागतील. विमा आणि सौर-पवन ऊर्जेच्या कंपन्यांनाही आता अशी माणसं लागतात, पण त्या भरवशावर आज निर्णय घेऊ नका. बी.एड. कुठे पळून जात नाही. एम.एस्सी.नंतरही करता येतं.

तोवर तिला एक काम द्या. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत फुकट मिळतो. त्यातला नागपूरचा चौकोन काढून दर जूनचा आलेख करू दे आणि तो घेऊन दोघंही या. तिनं आलेखाच्या रंगांपेक्षा आधी एखाद्या विचित्र वर्षावर बोट ठेवलं, तर पुण्याच्या अर्जाची तारीख आपण तिथेच बसून बघू.