हॉल आणि किचनमधल्या खिडकीला ग्रॅनाइटचा कट्टा कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की साडेचार इंची विटेची भिंत आहे, तिच्यात चार फुटांची खिडकी फोडून झालीय आणि हॉलकडं बारा इंच बाहेर कट्टा पाहिजे, म्हणजे स्टूल टाकून दोघं नाष्टा करतील. मी सोलापुरात ओट्याची, फर्निचरची कामं घेतो, तर सांगतो, दगड कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी तो बसणार कशावर ते ठरवा.

हिशोब असा आहे बघा. १८ एमएमचा ग्रॅनाइट एका स्क्वेअर फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. दोन्हीकडचं प्लास्टर धरून भिंत सहा इंच, हॉलकडं बारा, किचनकडं एक-दीड इंच, लांबी साडेचार फूट, म्हणजे बत्तीस-तेहतीस किलोचा दगड आणि त्यातला बराचसा हवेत. वर कोण ना कोण कोपर टेकून उभं राहणारच, आणि पोरं तर लोंबकळतात. आधाराशिवाय सहा इंचापुढं मी दगड काढत नाही, कोण काही का म्हणेना.

त्यामुळं गवंड्याला सांगून खिडकीच्या खालच्या विटांवर तीन इंचाची काँक्रीटची पट्टी भरून घ्या, त्यात ८ एमएमच्या दोन सळ्या आडव्या टाकायच्या आणि ४० बाय ४० बाय ५ एमएमचे तीन लोखंडी अँगल (एल आकाराच्या पट्ट्या), गंज लागू नये म्हणून रेडऑक्साइडचा रंग मारून, ह्याच पट्टीत गाडायचे. त्यांची मागची टोकं सळ्यांना वेल्डिंग केलेली पाहिजेत, नुसती खोचलेली नकोत. हॉलकडं अँगल दगडाच्या कडेपासून दोन इंच आत थांबवला की दिसत पण नाही. वरच्या सुट्या विटेत नुसता फास्टनर ठोकून ब्रॅकेट लावलं तर महिन्या-दोन महिन्यात ते हलायला लागतं. पट्टीवर सात दिवस ओलं गोणपाट ठेवा, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घरातसुद्धा काँक्रीट लगेच वाळतंय, इथं घाई नको.

माप प्लास्टर आणि टाइल्स झाल्यावरच घ्या. खिडकी कधीच काटकोनात नसते, म्हणून पुढं, मधे, मागं अशा तीन जागी रुंदी मोजा, सगळ्यात कमी येईल त्यातनं ३-४ एमएम वजा करा आणि पुठ्ठ्याचा साचा कापून तोच दुकानात द्या, कागदावरचे आकडे नकोत. कट्टा हॉलकडं खिडकीच्या दोन्ही बाजूला भिंतीवर तीन-तीन इंच जातो ना, तिथं आतला कोपरा येतो, आणि दगड फुटतो तो बहुतेक तिथनंच. कटर फिरवणारा दोन्ही रेषा एकमेकांना ओलांडून कापतो आणि तिथंच बारीक चीर पडून बसते. त्याला म्हणावं आधी कोपऱ्यात ड्रिलनं गोल भोक पाड आणि तिथपर्यंतच काप. पुढच्या कडेला हाफ राउंड म्हणजे अर्धगोल घासणी, कोपरे पण गोल, आणि खालच्या बाजूनं कडेपासून इंचभर आत एक बारीक खाच मारून घ्या म्हणजे सांडलेलं पाणी खालून भिंतीकडं पळत नाही, तिथंच ठिबकतं.

दगडात काळा ग्रॅनाइट घ्या. कडप्पा, शहाबादी स्वस्त पडते हे खरं, पण दोन्ही चुनखडीच्या जातीचे, लिंबू-चिंच सांडली की पांढरे डाग. फिकट ग्रॅनाइटवर हळद आणि शेंगाचटणीचं तेल मुरतं, मग सीलर मारत बसा. प्लायवर सनमायका नकोच, कडेनं पाणी शिरतं आणि फुगतो.

बसवताना भिंतीवर सिमेंट-वाळूचा मसाला, पण अँगलवर सिलिकॉन, कारण रंग मारलेल्या गुळगुळीत लोखंडावर मसाला नीट धरत नाही. लेव्हल लावून किचनकडं अगदी एक-दोन एमएम उतार ठेवा. भिंतीच्या सांध्यात पण सिलिकॉनच भरा. खाली टेकू लावून दोन दिवस कोणाला हात लावू देऊ नका.

उंचीचं तुम्ही लिहिलं नाही. कट्टा ४२ इंचावर असेल तर स्टूल तीस इंची लागतंय. आणि गॅस ह्या खिडकीसमोर येत असेल तर शेगडी आत्ताच बाजूला सरकवायचं बघा, हॉलचा पंखा लावला की ज्योत हलते, विझते पण, आणि फोडणीचा ठसका सगळा सोफ्यावर बसलेल्यांना.