तिने पाण्याचं विचारलं होतं

आक्का,

मी २७ वर्षांचा, लातूरचा. डाळ मिलमध्ये टॅलीवर बसतो. स्टार वॉर्स सिनेमांचा फॅन आहे, आणि साधासुधा नाही. नऊच्या नऊ भाग, मधले दोन वेगळे, सगळं तोंडपाठ. २०१६ ला नळाला पाणी नव्हतं, रात्री टँकरची वाट बघत जागावं लागायचं. तेव्हा मावसभावाच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा बघितलं, तेव्हापासून सुटलंच नाही. पुढं पुण्याला जायचं होतं, पप्पा म्हणाले एवढी सुगी होऊ दे, मग ते राहूनच गेलं. असो.

दिवाळीनंतर साखरपुडा झाला. मुलगी उदगीरची, डी. फार्म झालेली, मेडिकलवर काम करते. मागच्या रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तिथं हौसेनं पहिला भाग लावला. सुरुवातीची पिवळी अक्षरं बघून म्हणाली, "एवढं वाचायचं का?" मग जार जार नावाच्या त्या धडपड्या प्राण्याला बघून खळखळून हसली. जार जारला! वाळवंट आलं तर विचारते, "ह्या गावाला पाणी कुठून येतं हो?" मी म्हणलं, गप बघा, पुढं कळंल. त्यानंतर अर्ध्या तासात चक्क झोपली. आक्का, तेव्हापासून जीव लागत नाही. जिला माझी सगळ्यात जवळची गोष्ट कळत नाही, तिच्यासोबत जन्म कसा काढायचा? पप्पा वेगळंच म्हणतात, पोरखेळ बंद कर, लग्नाआधी ती खेळणी माळ्यावर टाक. त्यांना मी नऊ हजारांची लाइटसेबर, म्हणजे सिनेमातली ती उजेडाची तलवार, नऊशेची सांगितलीय. काय करू?

— दोन सूर्यांखाली एकटा, लातूर

लेकरा,

आधी झोपेचं बघू, कारण तुला तेच जास्त लागलेलं दिसतं.

मुलगी आठवडाभर मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, गोळ्यांच्या तारखा बघायच्या, उधारीवाल्यांशी गोड बोलायचं. हातात एक रविवार. त्या रविवारी होणारा नवरा जेवायला येणार, म्हणजे ती किती वाजता उठली असेल याचा अंदाज तुला नसेल, मला आहे. घर आवरलं, स्वयंपाकाला हात लावला, साडी नेसली, आई आणि भावासमोर तुझ्याशी मोजकं बोलली. मग भरल्या पोटी, दुपारच्या वेळी, तू तिच्यासमोर १९९९ चा भाग लावलास. त्याची सुरुवात कशाने होते? व्यापारी मार्गांवरच्या कराच्या भांडणाने. टॅलीवर जीएसटी भरणाऱ्याला त्यात रस वाटत असेल. बाकी माणसांना झोप येते.

तू म्हणशील, कथेच्या क्रमाने तोच पहिला. असेल. पण ज्याने ही कथा रचली त्या जॉर्ज लुकासनेही जगाला त्या क्रमाने दाखवली नाही. २५ मे १९७७ ला लोकांसमोर आला तो आज चौथा भाग म्हणवला जातो. त्यानंतर १९८० आणि १९८३ चे दोन आले. एवढं पाहून लोक वेडे झाले आणि मग सोळा वर्षांनी मागची कहाणी आली. गोडी लागलेल्यांसाठी केलेला भाग तू गोडी न लागलेल्या मुलीला दाखवलास. फॅन मंडळींना क्रमाचं फार असतं, त्यावरून रात्र रात्र भांडतात, आणि नवख्या माणसाला काय झेपेल हे मात्र कुणी बघत नाही.

आता जार जार. "जार जारला!" असं तू उद्गारचिन्ह देऊन लिहिलंस, म्हणजे तिच्या हातून पाप घडलं. अरे, लांब कानांचा, धडपडणारा, भलतंच बोलणारा प्राणी हसवायलाच ठेवला होता आणि ती हसली. तुम्हा लोकांना तो आवडत नाही हे मला ठाऊक आहे. त्याचं काम करणारा अहमद बेस्ट तेव्हा तरुण नट होता. १९९९ मध्ये त्याच्यावर इतकी राळ उडाली की जीव द्यावासा वाटला होता, हे त्याने २०१८ मध्ये स्वतः सांगितलं. त्याच वर्षी, २०१७ च्या भागातली नटी केली मेरी ट्रॅन शिव्यांना कंटाळून इन्स्टाग्राम सोडून गेली. ज्यांनी हे केलं ते सगळे स्वतःला त्या चित्रपटांवर जीवापाड प्रेम करणारे म्हणवत होते. बेस्ट २०२३ मध्ये स्टार वॉर्सच्याच एका मालिकेत परत आला, या वेळी जेडाय, म्हणजे त्या कथेतला योद्धा होऊन, आणि त्या हिरव्या पिल्लाला वाचवून गेला. तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्या असतील. तुझी होणारी बायको ते सगळं न वाचता, कुणी काय म्हणावं हे न ऐकता, नुसती हसली. तिचं हसू तुला आवडायला हवं होतं. तू तिथे बसून चूक काढलीस.

पण माझं खरं भांडण पुढच्या ओळीशी आहे. ती तू अशी लिहिलीस की जणू मुलीच्या अडाणीपणाचा पुरावाच.

"ह्या गावाला पाणी कुठून येतं हो?"

लेकरा, मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. वाळवंट, दोन सूर्य, उडत्या गाड्या, चित्रविचित्र प्राणी, एवढं सगळं पडद्यावर असताना उदगीरच्या मुलीला पहिला प्रश्न पाण्याचा पडला. तो तिलाच पडणार. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती बघायला लोक स्टेशनात गेले होते. ती मुलगी तेव्हा शाळेत असेल. उदगीर काही दुसऱ्या ग्रहावर नाही, त्याच जिल्ह्यात आहे, तिच्याही डोक्यावर घागर आली असेल. नवं गाव दिसलं की आधी पाणी बघायचं, ही आपल्याकडच्या माणसाची नजर आहे.

आणि तुझी स्वतःची गोष्ट काय आहे? टँकरची वाट बघताना मावसभावाच्या लॅपटॉपवर तू बघितलंस काय, तर एक कोरडा ग्रह. तिथे एक शेतकरी काका, रानात उंच यंत्रं उभी करून हवेतला ओलावा ओढून पाणी काढतो. पीक पाण्याचंच. त्याच्याकडे वाढलेला ल्यूक नावाचा पोरगा, त्याला बाहेर जायचंय, शिकायचंय. काका म्हणतो, एवढा एक हंगाम थांब. पोरगा बाहेर येऊन मावळणारे दोन सूर्य बघत उभा राहतो. तुझं टोपणनाव तिथूनच घेतलंस ना? सुगीचं आणि पुण्याचं तू एका ओळीत उरकलंस आणि "असो" म्हणून पुढे गेलास. लढाया आणि तलवारी लोकांना आवडतात, तुलाही आवडत असतील, पण तू अडकलास तो त्या अंगणात, असं मला वाटतं. कोणाला सांगितलं आहेस का हे कधी? पत्रावरून तरी दिसत नाही.

आणि जिने त्या दाराशी येऊन कडी वाजवली, तिला तू म्हणालास, गप बघा.

जन्म कसा काढायचा, असं विचारतोस. आवडीनिवडी जुळल्या म्हणून संसार झाले असते तर आपल्या आयाबापांपैकी निम्म्यांचे झालेच नसते. जुळायला काय लागतं, तर एकाने विचारलं की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तिने विचारलं. तू तिची परीक्षा घेत होतास, म्हणून तुला ते ऐकूच आलं नाही. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात तिला काय आवडतं याची एक ओळ नाही. गाणी ऐकते का, कोरियन मालिका बघते का, की रविवारी नुसतं लोळावंसं वाटतं, तुला माहीत आहे का? तिने तिची आवडती गोष्ट लावून तुझ्यावर लक्ष ठेवलं असतं आणि तू जांभई दिली असतीस, तर तिने कुठल्या आक्काला पत्र लिहिलं असतं?

तेव्हा फोन कर. सिनेमावर व्याख्यान नको, कोणता भाग कितवा हेही नको. एवढंच म्हण, त्या दिवशी तुम्ही पाण्याचं विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. आणि मग दे उत्तर. हवेतून पाणी काढणारा काका सांग, टँकरची रात्र सांग, पुण्याचं सांग. गंमत म्हणून हेही सांग की ते वाळवंट ट्युनिशियातलं आहे. १९७६ मध्ये तिथे शूटिंगला गेले तर कधी नव्हे तो मुसळधार पाऊस आला आणि सेटची वाताहत झाली. पावसाला नको तिथे पडायची खोड आहे, हे तिला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग कधीतरी तिला वाटलं तर १९७७ चा लावा. तिला नको असेल तर नको. ती पुन्हा झोपली तर आवाज कमी करून पांघरूण घाल आणि तू एकटा बघ, तुला तरी कुठे नवीन आहे ते.

आता वडील. पोरखेळ म्हणतात, त्याचा राग मानू नकोस. ज्यांनी त्या वर्षी पीक वाळताना पाहिलं त्यांना नऊशे रुपयांची तलवारही महाग वाटते, आणि तू त्यांना नऊशेच सांगितलेस. तुझ्या सगळ्या पत्रात मला खरोखर न आवडलेली गोष्ट ही एकच. स्वतःच्या पगारातून, कर्ज न काढता, नऊ हजारांची हौस केलीस तर तो गुन्हा नाही. पण दुसऱ्याच्या मिलचा पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस घरी एक शून्य खातो, हे बरं नाही. लग्नानंतर तोच आकडा बायकोलाही सांगावा लागेल, आणि खोटं दोघांना वेगवेगळं लक्षात ठेवणं फार कष्टाचं काम आहे. वडिलांना सांगून टाक. ओरडतील. ओरडू दे.

तसं खेळण्यांच्या बाबतीत लुकासही पक्का हिशेबी निघाला. पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्याने दिग्दर्शनाचं मानधन जास्त मागितलं नाही, उलट खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे ठेवले. १९७७ च्या नाताळाला खेळणी वेळेत तयार झाली नाहीत, तर खेळण्यांच्या कंपनीने आत खेळणं नसलेलं खोकं विकलं, नंतर पाठवू अशी चिठ्ठी घालून. लोकांनी घेतलं! २०१२ मध्ये लुकासने स्वतःची चित्रपट कंपनी डिस्नेला विकली ती सुमारे चार अब्ज डॉलरला. त्यात तुझ्यासारख्यांचे नऊ नऊ हजार किती असतील ते तूच काढ.

वडिलांशी बोलायला एक धागा देते. तुझ्या तलवारीची ती गुणगुण आहे ना, ती बेन बर्ट नावाच्या ध्वनी बनवणाऱ्याने जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीचा आवाज आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची खरखर मिसळून केली. तुझ्या वडिलांच्या पिढीने जत्रेत तंबूतली टॉकीज पाहिलेली असते. मागे घरघरणारी मशीन, धुळीतून जाणारा उजेडाचा झोत, आणि रीळ तुटलं की शिट्ट्या. पैशाचं बोलून झालं, राग निवला, की ती तलवार चालू करून त्यांच्या हातात दे आणि म्हण, ऐका, ओळखा. ओळखतील की नाही सांगता येत नाही, पण जत्रेच्या गोष्टी नक्की निघतील.

आणि आभाळातल्या गोष्टींचं आपल्याला काय काम, असं म्हणालेच तर औंढा नागनाथचं नाव घे. दर्शनाला गेलेच असतील. त्याच भागात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी करायला २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, सुमारे २,६०० कोटींची, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. दोन कृष्णविवरं कुठेतरी एकमेकांवर आदळली तर त्याचा थरथराट हिंगोली जिल्ह्यात मोजायचा बेत आहे. दोन सूर्यांचा ग्रहही २०११ मध्ये खराच सापडला, केप्लर-१६बी. हे वाद जिंकायला वापरू नकोस, चहाबरोबर सांग.

माळ्यावर काही टाकायची गरज नाही. लग्नानंतर खोली दोघांची होणार, तेव्हा कपाटातला एक कप्पा तुझा, बाकी तिला विचारून. कप्प्याच्या बाहेर सांडलास तर ती बोलेल, आणि ती बोलली तर मी तिच्या बाजूने.

पत्राच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलंस ते छापलं नाही, पण उत्तर देते. वरातीत कट्यारीऐवजी लाइटसेबर धरली तर चालेल का? वरातीत धर, नवरीला आधी विचारून, आणि चार्जिंग बघून. अंतरपाटासमोर मात्र कट्यारच. तिच्या टोकाला लिंबू खोचावं लागतं, आणि ते तुझ्या तलवारीवर राहणार नाही.

— आक्का