पेपरवरचं नाव झाकलं तर?

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. नियतकालिकाला पाठवलेला माझा संशोधनाचा पेपर दोन दिवसांत परत आला. कॉलेजचं नाव बघूनच नाकारला असेल का?

दोन दिवसांत परत आला म्हणजे तो परीक्षकांपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्या विषयातल्या तज्ज्ञांपर्यंत, बहुधा गेलाच नाही, संपादकांनीच परत केला. बऱ्याचदा कारण साधं असतं, विषय त्या नियतकालिकात बसत नाही. आधी त्यांचे अलीकडचे अंक चाळा.

पण तुमची शंका निराधार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्थशास्त्राचा एकच पेपर शेकडो परीक्षकांकडे गेला. काहींना लेखक म्हणून नोबेल विजेते व्हर्नन स्मिथ दिसले, काहींना त्यांचे फारसे परिचित नसलेले तरुण सहलेखक. तरुणाचं नाव दिसलेल्यांपैकी ६५ टक्के परीक्षकांनी पेपर नाकारा असं कळवलं. स्मिथ यांचं नाव दिसलेल्यांपैकी २३ टक्क्यांनी. मजकूर अक्षरशः तोच! म्हणून माझा आग्रह आहे की लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं झाकणारं नियतकालिक निवडा. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानेही २०१५पासून लेखकांना हा पर्याय दिला आहे.

झाकायचं तर नीट झाका. पहिल्या पानावरचं नाव काढलं, पण वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते तसंच राहिलं, आभारात विभागप्रमुख राहिले, ‘आमच्या आधीच्या पेपरमध्ये’ हे शब्द राहिले, की सगळं उघडं पडतं. मात्र डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे नमुने सांगोल्याचे असतील तर सांगोला लिहा. नमुना कुठला, हे शास्त्रात लपवता येत नाही.

यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांच्या तपासण्या मी केल्या, पेपरही मीच लिहिला. आता माझे गाइड काहीच काम न केलेल्या एका सरांचं नाव पहिलं टाकायला सांगतात. बोलले तर ‘मुलींनी एवढा हट्ट करू नये’ म्हणतात.

हा हट्ट नाही, हक्क आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. नुसतं पद पुरत नाही. कोणी काय केलं याचा तक्ता तारखांसकट करा आणि गाइडना नम्र ईमेलने पाठवा, तोंडी बोलू नका. पेपर पाठवण्याआधीच हे करा. नंतर नावं बदलायची तर सहसा सगळ्या लेखकांची लेखी संमती लागते. तरी अडलं, तर संस्थेकडे लेखी तक्रार करा. लेखकपदाच्या भांडणात संपादक निवाडा करत नाहीत, ते संस्थेकडेच बोट दाखवतात.

लग्नानंतर आडनाव बदललं. जुने पेपर माझे धरले जातील का?

हो. ऑर्किड (ORCID) क्रमांक काढा. ही संशोधकाची नाव बदललं तरी न बदलणारी ओळख, आणि ती फुकट मिळते. दोन्ही नावांचे पेपर त्या क्रमांकाखाली जोडा.

आमच्या कॉलेजच्या शोधपत्रिकेचा मी संपादक आहे. भेदभाव टाळायला काय करू?

आपल्याकडे आडनावावरून जात ओळखण्याची खोड अजून गेलेली नाही, म्हणून परीक्षकाकडे लेख जाण्याआधी कार्यालयातच नावं काढा. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा निदान एक परीक्षक जिल्ह्याबाहेरचा घ्या. नकाराचं कारण लेखी द्या. ‘दर्जा नाही’ एवढंच लिहिलेला अभिप्राय परीक्षकाला परत पाठवा. आणि दाद मागायची असेल तर ती संपादकाशिवाय दुसऱ्या कोणाकडे मागायची, ते पत्रिकेच्या पहिल्या पानावर छापा.